नंबरप्लेटवरचा हार

सदाशिवची हप्ते थकलेली रिक्षा कॅमेऱ्याने शोधली, हे आमच्या गल्लीचे मत मला मान्य नाही. दसऱ्याचा वाळका हार त्याने मुद्दामच नंबरप्लेटवर लोंबता ठेवला होता. शिळे निर्माल्य मला खपत नाही, म्हणून मीच तो काढून टाकला. तासाभरात वसुलीवाल्यांची मोटार, टपावरच्या कॅमेऱ्याने एकेक नंबर वाचीत, गल्लीतून फिरली आणि रिक्षा गेली. पूर्वी ही माणसे पत्ता विचारीत. शेजारी खोटे बोलून शेजाऱ्याला वाचवू शके. यंत्र कोणालाच विचारीत नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

आज त्याला गाठून म्हणालो, “कॅमेरा नव्हे, मी!”

“ठाऊक आहे, काका. बायकोनं पाहिलं होतं. पण तुम्हाला अडवणार कोण?” तो म्हणाला. “गल्लीत कॅमेऱ्याचं मीच सांगितलं.”