केबिनचा आवाज मी कसा मारला

माझी शाळा तिसरीपर्यंत झाली. शाळा मी सोडली, शाळेनं मला काढलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गाडी माझा मी शिकलो. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. घरी मेंढरं आहेत. त्यांचं लेंडीखत पिकअपमध्ये भरून खाली कामथडी-किकवीच्या शेतकऱ्यांना पोचवायचं, हे माझं काम. किती वर्षं झाली ते मोजलं नाही. ही गाडी तिसरी आहे.

गेल्या साली गणपती बसून उठल्यावर मुलगा एक दिवस कामावरनं आला तो तोंड पाडूनच आला. चपला काढायच्या आधी बोलला.

"आबा, येल्ह्याच्या रस्त्याला यश्टी मागनं हॉर्न मारत हुती. तीन वळणं तुमी साइड दिली न्हाई. डायवर वळखीचा, माज्यापाशी आला सांगायला."

"केबिनमधी सगळा पत्रा वाजतो. त्यात कुणाला ऐकू यील?"

"तुमाला घरातबी येत न्हाई. हितं पत्रा कुठं वाजतोय? चावी द्या माज्याकडं."

मला राग आला. माझे कान चांगले आहेत, गाडी खराब आहे, असं माझं म्हणणं होतं. मी घरच्या सगळ्यांसमोर बोललो, "केबिनचा आवाज मी घालवतो. गाडी गप झाल्यावरबी मला ऐकू आलं न्हाई, तर चावी तुजी. तोवर हात लावायचा न्हाई."

आमची मंडळी, मुलाची आई, चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "काय बोललात ते ध्यानात ठेवा म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी नसरापूरला गेलो. तिथं गाडीचं सामान विकणारं दुकान आहे, त्यात आवाज मारायचे पट्टे मिळतात. एका बाजूला चांदीसारखा कागद, दुसऱ्या बाजूला काळं डांबरासारखं चिकट. पोरं ते दारांत लावतात, गाणी चांगली वाजावीत म्हणून. दुकानदारानं विचारलं, "बाबा, टेप कोणता बसवलाय?"

"टेप न्हाई."

"मग आवाज कशाला मारताय?"

"ऐकायला."

त्यानं एक पट्टा काढून पुढ्यात ठेवला. मग कसं लावायचं ते सांगायला लागला. गाडीचा पत्रा धुऊन पुसून कोरडा करायचा, चिकटवल्यावर जोरानं दाबायचं, आत हवा राहू द्यायची नाही. तेवढ्यात समोरून दोन गाड्या गेल्या आणि पुढचं त्याचं नुसतं तोंड हललं. मी मान हलवली. माणूस बोलायचं थांबला की मान हलवावी, काम भागतं.

घरी येऊन सीटा काढल्या. खालचं मॅट उचललं तर लेंड्या निघाल्या, आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेली माझी चुन्याची डबी. ती डबी मेव्हण्यानं नेली असं मी सगळीकडं सांगितलं होतं. डबी खिशात घातली आणि पुढं काम चालू केलं.

केबिनचा तळ, मागची भिंत, छत, दोन्ही दारं. दाबायला म्हणून मी घरातलं लाटणं घेतलं. मंडळीनं बघितलं. म्हणाली, "आवो, भाकरीला लाटणं लागत न्हाई म्हणून वाचलात. सणाला पोळ्या कशावं लाटू?" मी म्हणालो, धुऊन देतो. ते डांबर अजून निघालेलं नाही.

दुकानदारानं सांगितलं होतं, पत्र्याच्या मधल्या भागाला लावलं तरी पुरतं. मला अर्धं काम पटत नाही. मी सगळीकडं लावलं आणि त्यावर जुनी दोन घोंगडी कापून डकवली. आमच्या घोंगडीतनं पाऊस आत येत नाही, तर आवाज कुठनं येईल? दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं होती. दोन-दोन, तीन-तीन. गाडी बनवणाऱ्यानं कशाला ठेवली असतील ते मला कळेना. वारा शिरतो, वाऱ्याबरोबर आवाज शिरतो, एवढं कळलं. ती मी उरलेल्या तुकड्यांनी पक्की बुजवली.

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दार लावलं तर आधी डबा आपटल्यासारखं वाजायचं ते नुसतं धप झालं. मुलगा आत बसून बघून आला. म्हणाला, "आबा, काम झ्याक केलंय." मला वाटलं, मिटलं.

पण मी चालवायला बसलो तेव्हा गाडी चालू आहे का बंद, तेच मला कळेना. आधी पायाखालचा पत्रा थरथरायचा, त्यावरनं मी गिअर टाकत होतो. सीटमधनं, पायातनं, हातातनं मला सगळं समजायचं. आता तिथं डांबर आणि घोंगडं. चढाला गाडी दोनदा बंद पडली. हे मी कुणाला बोललो नाही. कुणी विचारलंही नाही.

आठ दिवस पाऊस लागून राहिला. उघडीप मिळाल्यावर किकवीला खत द्यायचं होतं. मंडळीला तिथं बहिणीकडं जायचं होतं, ती बरोबर आली. खत उतरलं, बहिणीकडं चहा झाला, रिकामी गाडी घेऊन परत निघालो. मंडळी बोलत होती. मी समोर बघून "व्हय, व्हय" म्हणत होतो. कामथडी मागं पडली. मग तिनं माझा दंड धरून हलवला आणि पार कानापाशी येऊन बोलली,

"आवो, थांबवा. दारात पाणी हाय!"

"कसलं पाणी?"

"खळखळतंय. किकवीपासनं सांगतेय तुमाला. वळणाला घागर हिंदकळल्यावानी आवाज येतोय. तुमी नुसतं व्हय व्हय करताय."

गाडी कडेला घेतली. तिच्या दाराचं आतलं कव्हर सोडवलं, खालचा बुजवलेला तुकडा पान्ह्यानं टोकरला. पाणी निघालं ते माझ्या पायांवर. घोंगडं भिजून त्याला ओल्या मेंढराचा वास सुटला होता. काचेच्या फटीतनं पावसाचं पाणी दारात उतरतं, ते जायला भोकं असतात. दुकानदाराचं नुसतं तोंड हललं होतं तेव्हा तो बहुतेक हेच सांगत होता.

मग माझं दार उघडलं. माझ्या दारात जास्त निघालं. एवढा वेळ मी त्याला कोपर टेकून बसलो होतो.

 मंडळीनं पदरानं सीट पुसली आणि ती बसली.

घरी आल्यावर मुलगा दारातच उभा. "काय, कशी चालली गाडी?"

मंडळी माझ्याआधी बोलली, "एकदम गप. आमी दोघं निवांत बोलत आलो." असं सांगून ती आत गेली. तिनं मला वाचवलं हे मला समजत होतं. पण कुणी वाचवून मी सुटावं, अशी वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. मी खिशातली चावी काढली नि मुलाच्या हातात दिली.

"काय झालं?" तो म्हणाला. हे मला ऐकू आलं. त्याचं तोंड मी बघत होतो.

"गाडी गप झाली," मी म्हणालो. "मी बोललो हुतो."

आता सुट्टीच्या दिवशी तो चालवतो. मंडळी मधी बसते, मी कडेला. ते दोघं वाटभर बोलतात. मी बाहेर बघतो. कानाच्या डॉक्टरकडं भोरला जाऊ असं सून म्हणते. तिचा मान ठेवायचा म्हणून एकदा जाऊन येईन.

दारांची भोकं मात्र मीच साफ करतो. पाऊस झाला की सकाळी खराट्याची काडी घेतो आणि एक-एक भोक मोकळं करतो. मुलाच्या ते ध्यानात राहत नाही. पाणी आलं की बोटाला लागतं.