सरांना शिकवायचं म्हणजे

आमच्या कॉलेजचे प्राचार्य उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि परत आले ते झपाटूनच. जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "नुसतं पोरांना अभ्यास करा म्हणून चालायचं नाही. आता मास्तरांनीही शिकलं पाहिजे!" इतिहासाचे एक बुजुर्ग प्राध्यापक पानाला चुना लावता लावता म्हणाले, "घ्या! पंचवीस वर्षं पोहतोय, आता हातपाय कसे मारायचे ते शिकवणार." तर अशी आमची अध्यापन सुधारणा समिती जन्माला आली. चिटणीस कोण? जिला नाही म्हणता येत नाही ती. म्हणजे मी.

मी तेव्हा पुण्याहून एम.एस्सी. होऊन नगरला परतले होते, नोकरीला जेमतेम एक वर्ष झालं होतं, आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. समितीचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत जमायचं, एकानं धडा शिकवून दाखवायचा, बाकीच्यांनी त्यातल्या चुका सांगायच्या, असा बेत. चुका कसल्या सांगताय! एकमेकांच्या घरच्या बारशाला आणि लग्नाला राबणारी माणसं, कोण कुणाला तोंडावर वाईट म्हणणार? महिन्याभरात धडे मागे पडले आणि चहाबरोबरची भेळ तेवढी शिल्लक राहिली. शिवाय प्रत्येकानं महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि छापील कागदावर अभिप्राय लिहायचा, असाही एक नियम होता. ते कागद माझ्याकडे यायचे. सगळ्यांवर एकच शब्द असायचा, 'उत्तम'. मी ते आनंदानं फायलीला लावायची.

खरा घोळ वेगळाच होता. त्या वर्षी विद्यापीठानं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नवं बीजगणित लावलं. तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा, उलटसुलट कसंही गुणा, उत्तर तेच, असं आपण लहानपणापासून घोकत आलो. या नव्या बीजगणितात मात्र क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. आधी मोजे आणि मग बूट घातले तर माणूस ऑफिसात जातो, आधी बूट आणि मग मोजे घातले तर लोक हसतात. एवढंच त्यातलं मर्म, पण जुन्या माणसांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजात ते शिकून आलेली मी एकटी.

आणि तो वर्ग होता सरांकडे. सर म्हणजे माझेच सर. याच कॉलेजात, याच वर्गात त्यांनी मला गणिताचं वेड लावलं होतं. मूळचे काष्टी गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. एरवी अगदी छापील बोलायचे, पण रागावले की त्यांच्या तोंडून काष्टी बाहेर यायची. शेवटच्या वर्षाचा वर्ग म्हणजे सरांचा जीव की प्राण. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि तो वर्ग हातात असताना निवृत्त व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे बघा बाई, दिवाळीपर्यंत सरांना जमलं तर ठीक. नाहीतर तो वर्ग तुम्ही घ्या. सरांना आपण पहिल्या वर्षाची त्रिकोणमिती देऊ." सरांच्या हातातला खडू मी काढून घ्यायचा? त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी! पण दुसऱ्या दिवशी सरच मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "रविवारी घरी येत जा. शिकव मला."

झालं. रविवारची उपासना आटोपली की ख्रिस्ती देवळाबाहेरूनच सायकलवर टांग मारायची आणि सरांचं घर गाठायचं. पहिल्या दिवशी सर खुर्चीवर बसले आणि समोरची खुर्ची मला दाखवली. मला काही केल्या बसवेना. सरांसमोर खुर्चीवर? मी उभीच राहिले. मग सरही उभे राहिले. काकू दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, बसा की दोघं! आणि चुकले हे तर खुशाल कान पिळ. मला तेवढं बघायचंय." शेवटी आम्ही दोघं सतरंजीवर बसलो. सरांनी दोनशे पानी वही आणली होती, तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि वर स्वतःचं नाव लिहून पुढे 'इयत्ता' म्हणून रिकामी जागा सोडली होती. मला हसू आवरेना. दुपारी काकूंच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे खाऊनच मी निघायची. फार मजेचे दिवस होते ते.

आता खोटं कशाला बोलू, तिथंच मी माती खाल्ली.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी सरांनी एक सिद्धता लिहून दाखवली. मधल्या एका ओळीत त्यांनी सवयीनं क्रम उलटा केला होता, पाच त्रिकचं तीन पाचे. तिथं ते चालत नाही. माझ्या लगेच लक्षात आलं. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बरोबर?" ज्यांच्यापुढं वर्गात मान वर करायची छाती नव्हती, त्यांना 'चूक' म्हणू? जीभ रेटेना. मी म्हणाले, "हो सर, असंही करता येईल."

पुढच्या रविवारी सांगू, असं मनाशी म्हटलं. पुढच्या रविवारी सर इतके खुशीत होते की म्हटलं, आज नको. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी त्याच ओळीवर आणखी दोन सिद्धता रचल्या. मी पुन्हा म्हणाले, "हो सर, असंही करता येईल." मग त्यांनी ते वर्गात शिकवलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. काय शिकवलं हो त्यांनी! आवाज, अक्षर, पोरांना हसवणं, सगळं पहिल्यासारखं. फक्त गणित चूक होतं. मी कागदावर लिहिलं, 'उत्तम'.

दिवाळीच्या आधी सहामाही परीक्षा झाली. नव्या बीजगणिताचे पेपर तपासायला माझ्याकडे आले. पहिला पेपर उघडला, तीच ओळ. दुसरा, तीच ओळ. टवाळ पोरांनी तो प्रश्न सोडूनच दिला होता, ती वाचली. ज्यांनी सरांचं नीट ऐकलं, रात्रंदिवस घोकलं, तीच नेमकी बुडाली. दुष्काळाचं वर्ष होतं. पाथर्डीकडची एक मुलगी त्या वर्गात होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही मामाकडे राहून शिकत होती. तिचा पेपर आरशासारखा स्वच्छ, आणि ती ओळ तिनं ठळक करून खाली रेघ मारलेली. माझ्या हातातली लाल पेन्सिल चालेना. बरोबर म्हणावं तर वार्षिक परीक्षेत ही पोर आपटणार, चूक म्हणावं तर सरांचा वर्ग जाणार. आणि केलं कुणी हे सगळं? मी. मला स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगू!

सकाळी वर्ग भरायच्या आधी मी गठ्ठा घेऊन सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सरांनी पेपर पाहिले. वही काढून ती ओळ पाहिली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच रविवारी, सर."

"मग गप का बसलीस?"

"तुम्हाला कसं सांगणार, सर..."

"असंही करता येईल म्हणं! गणित हाय का सोयरीक जमवायची बैठक? सगळ्यांची मनं राखाया निघालीस व्हय?" सरांचा आवाज चढला होता. मग तो एकदम खाली आला. "तू माझ्या वर्गात हुतीस तवा तुझ्या चुकीच्या गणिताला मी कधी बरोबरची खूण केल्ती का गं? तुला वाईट वाटंल म्हणून?"

मी रडायला लागले. सरांनी काही समजूत घातली नाही. गठ्ठा उचलला आणि तडक प्राचार्यांकडे गेले. मी मागोमाग. "मला अजून जमलेलं नाही," सर म्हणाले, "वर्ग ठेवायचा की काढायचा ते तुम्ही ठरवा. ठेवलात तर पोरांची परीक्षा मी पुन्हा घेईन, आणि ही रोज मागच्या बाकावर बसेल." प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बसेन. पण वर्ग सरांचाच राहू द्या." त्यांनी मान डोलावली.

पहिल्या तासाला सरांनी पोरांना सांगून टाकलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ते पान फाडा." पाथर्डीच्या त्या मुलीनं पान फाडलं नाही, त्यावर तिरकी रेघ मारली. सर पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागले. पाचव्या ओळीला हात थांबला. त्यांनी वळून न बघता विचारलं, "बरोबर?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

"नाही सर," मी म्हणाले, "चूक."

सरांनी ती ओळ पुसली. खडू धरलेला हात मागे माझ्याकडे केला आणि म्हणाले, "ये. दाखव." मी फळ्यापाशी गेले, ती ओळ बरोबर लिहिली आणि खडू सरांना परत दिला. तास संपेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे होतो. सर एकेक ओळ लिहायचे आणि विचारायचे, "ही?" मी म्हणायची, "बरोबर." "आणि ही?" "चूक, सर." पोरं सगळं वहीत उतरवून घेत होती, चुकांसकट.