धोंडुबाईने खोकून दाखवलं

पेणजवळच्या गडब गावापुढे खाडीकडे वळलं की मिठागरं लागतात. तिथल्या बायांकडे धोंडुबाईच्या बोलण्याला पुष्कळ शब्द होते. पाच पाट्या मीठ वाहून ती पन्नास सांगायची, त्या ‘बाता’. बांधावर साधी धामण दिसली, तरी घरी पोचेपर्यंत तिला फणा फुटायचा, ते ‘वाढवणं’. आणि माणूस पाठमोरा झाला की त्याची चाल, त्याचं नाक, त्याचं कण्हणं ती दुप्पट करून दाखवायची. बघणारे त्याला नक्कल म्हणत. ज्याची व्हायची, तो टवाळी म्हणे.

सून अनिता त्याला सरळ वेडावणं म्हणायची.

अनिता रोह्याकडची, वालाच्या शेतांत वाढलेली. खाडीच्या चिखलाची तिला सवय नव्हती. लग्नानंतर महिनाभरात ती एकदा मिठागरावर भाकरी घेऊन आली. पाहते तर सासूबाई लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून, टाचा वर करून, बगळ्यासारखी मान ताणून बांधावरून चालतायत. “म्हंजे, इथं पाय ठेवू का, म्हंजे, तिथं ठेवू?” बाया पोट धरून बसल्या होत्या. अनिताने भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि ती तशीच मागे फिरली.

संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, “आई, परत मला वेडावलंत, तर मी रोह्याला जाईन ती येणार नाय.”

धोंडुबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. “तुलाच काय, कुणालाच नाय वेडावणार. मिठाची आण.”

आण तिने पाळली. बाया मागे लागत, “धोंडे, मुकादम करून दाखव गो.” धोंडुबाई खाली मान घालून मीठ ओढत राही. अनिताला दिसत होतं सगळं. पण राग मऊ झाला तरी पहिला शब्द कुणी काढायचा? दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं, ते नितेश जन्मला तरी तेवढंच.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत चार महिन्यांच्या नितेशला खोकला लागला. दिवसा हसायचा, रात्री मात्र उबळ आली की पोर हातातून जातंय असं वाटे. अनिताचा नवरा रघू कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला आणि सासू-सून एसटीने पेणला दवाखान्यात आल्या.

तिथे नितेश डॉक्टरांची नळी धरून खेळत बसला. छाती साफ, ताप नाही.

“साधी सर्दी आहे,” डॉक्टर म्हणाले.

“तसं नाय, म्हंजे, खोकतो तो, म्हंजे, थांबतच नाय...” अनिताला पुढे सांगता येईना.

“काळानिळा पडतो, डॉक्टर,” धोंडुबाई म्हणाली. “जीव जातो नि परत येतो.”

कंपाउंडर काळुराम गडबचाच. तो बाटलीत औषध ओतता ओतता हसला. “डॉक्टर, हिचं शंभर ऐकायचं नि दहा धरायचं.”

डॉक्टरही हसले आणि खोकल्याचं औषध लिहू लागले. अनिताने त्या कागदाकडे पाहिलं. हे घेऊन घरी गेलो, तर आजची रात्र पोर काढेल का?

“आई,” ती म्हणाली, “करून दाखवा.”

धोंडुबाईने तिच्याकडे पाहिलं. “आण घेतलीय गो मी.”

“मी सोडवते. तो करतो तस्संच करा.”

धोंडुबाई स्टुलावर बसली. मुठी छातीशी आवळल्या आणि खोकू लागली. एक, दोन, दहा. मध्ये श्वास म्हणून नाही. जीभ बाहेर आली, डोळ्यांतून पाणी, चेहरा वांग्यासारखा. मग सगळं थांबलं. काळुरामचा हात बाटलीवर तसाच राहिला. आणि मग आत ओढलेला तो श्वास आला, लांब, बारीक, कोंबडा आरवावा तसा. तिची मान एका बाजूला पडली.

डॉक्टरांनी बसल्या बसल्या कागद मागे घेतला. “आजी, हे जसंच्या तसं ना? वाढवलं नाहीत?”

“मोठ्या माणसांचं वाढवते मी, डॉक्टर. ती आधीच फुगलेली असतात. ह्याचं काय वाढवू? चार महिन्यांचं हाय.”

“डांग्या खोकला. लशी झाल्यात?”

“एकच,” अनिता म्हणाली. “दुसरीच्या वेळी माहेरी होते.”

“अलिबागला न्या. आत्ताच. इतक्या लहानाला घरी ठेवायचं नाही.”

काळुराम धावत गेला आणि अलिबागची एसटी गाठायला वडखळपर्यंत रिक्षा ठरवून आला.

अलिबागला पहिल्याच रात्री पोराचा श्वास अडकला. पण तिथे नर्स होती, ऑक्सिजन होता. बारा दिवस सासू-सून एका चटईवर झोपल्या. उपकार म्हणायला अनिताची जीभ रेटेना. घरच्या माणसाला तो शब्द कसा लावायचा? ती रोज सासूच्या चहात साखर जास्त घालून आणायची, आणि धोंडुबाई मुकाट्याने पिऊन टाकायची.

घरी आल्यावर मिठागरावरच्या बाया जमल्या. “काय झालं गो धोंडे, सांग तरी.”

धोंडुबाईने आधी सुनेकडे पाहिलं.

“सांगा ना, आई.”

मग काय! “मी खोकले मात्र, नि डॉक्टर दचकून उठले. खुर्ची पडली धाडकन.”

“पुरे गो तुझं. अनिता, तू होतीस ना? खरं सांग.”

अनिताने नितेशला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. धोंडुबाईचा हात हवेतच राहिला होता.

“खोटं हाय,” अनिता म्हणाली. “म्हंजे, नुसती खुर्ची नाय पडली. डॉक्टरपण पडले. दोनदा.”