सोडून दिलेली पहिली उंची

वेंडेल स्टकी बांबूउडीत किती वेळा दांडीवरून गेला, याची मोजदाद त्याच्याकडेही नाही. पण त्याच्या बापाने त्याला एकदाही जाताना पाहिलं नाही, हे दुखणं सत्तरी उलटली तरी त्याची पाठ सोडत नाही.

बाप एमेट अमेरिकेतल्या कॅन्सासचा, गहू पिकवणारा शेतकरी. स्पर्धा कायम शनिवारी, लांब कुठेतरी, आणि एमेटला शेतातून उसंत कधी? "काठी घेऊन उड्या मारतोस, त्यातून पिकतं काय रे?" असं जेवताना म्हणायचा आणि बटाटे पुढे सरकवायचा.

ऑलिंपिकची निवड चाचणी आली, तेव्हा मात्र म्हातारा हलला. ऐन कापणीत, यंत्र शेजाऱ्याच्या हवाली करून, दोन दिवस पिकअप हाकत थेट ओरेगॉनला पोचला! उभा गहू टाकून एमेट स्टकी गेला, हे गावात कुणाला खरंच वाटेना.

दांडी सोळा फुटांवर लागली. या खेळात खालची उंची सोडता येते, दम राखून ठेवायचा म्हणून. प्रशिक्षक कळवळून म्हणाले, "एकदा जाऊन ये बाबा, नावापुढे आकडा तरी लागू दे."

"बाबा एवढ्या लांबून आलेत," वेंडेल म्हणाला, "त्यांना काय पोरखेळ दाखवू?"

कसला हा शिष्टपणा! सोळा सोडली, साडेसोळाही सोडली. सतरावर पहिल्यांदा छातीने दांडी पाडली. दुसऱ्यांदा पोल जमिनीतल्या खाचेत नीट बसलाच नाही, तसाच खालून पळत गेला. तिसऱ्यांदा मात्र गेला की वरून! एमेट उभा राहून टाळ्या पिटू लागला, साऱ्या गॅलरीत एकटाच. वेंडेल गादीवर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघून हसला. वर त्याचा धक्का लागलेली दांडी थरथरत होती. थरथरली, आणि पडली. तीन संधी संपल्या. ऑलिंपिक संघातली जागा गेली, आणि निकालात नावापुढे आकडाही नाही.

परतीच्या वाटेवर वायोमिंग लागलं. मग एमेटने विचारलं, "आधीच्या दोन दांड्या जमल्या असत्या का रे तुला?"

"झोपेतसुद्धा, बाबा."

"मग त्याच दाखवायच्या होत्यास की. मला कुठं उंचीतलं काय कळतं!"

रागावून नाही हो, अगदी साधेपणाने म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच हिवाळ्यात एमेट गेला. पुढच्या वसंतात वेंडेल साडेसतरा फूट उडाला, पण कुणासाठी?

वेंडेल अजून गावच्या शाळेत पोरांना उडी शिकवतो. कुणी ऐटीत म्हणालं, "सर, ही उंची सोडतो," तर तो एवढंच विचारतो, "घरून कोणी आलंय का?"

पोरगं गॅलरीकडे बोट दाखवतं.

"मग जा आधी हिच्यावरून," वेंडेल म्हणतो, आणि पाठ फिरवून नाक शिंकरतो.