दारात उभं करून काढलेले फोटो

दिरांनी दुबईहून छोटा कॅमेरा आणला तेव्हा लेक चार वर्षांची होती. आम्ही नुकतेच कुकटपल्लीच्या नव्या कॉलनीत राहायला आलो होतो. रंगीत रोल आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळायला लागले होते. यांना कॅमेऱ्याची आवड नव्हती, म्हणून तो माझ्याच हातात राहिला. तेल लावताना रडणारी, डोशाचं पीठ गालाला फासलेली, माझ्या जुन्या साडीत गुरफटून झोपलेली, अशी दिसेल तशी मी तिला टिपायची.

पहिला रोल संपला तेव्हा तो धुवायला टाकावा आणि तिची शाळेची पुस्तकंही घ्यावीत म्हणून आम्ही दोघी कोठीच्या बाजारात गेलो. पुस्तकांची पिशवी खांद्यावर सारखी करायला मी तिचा हात सोडला. तेवढ्यात आमच्यामध्ये एक हातगाडी शिरली. गाडी पुढे सरकली, तर तिथं लेक नव्हती.

हाका मारत मी गल्लीच्या दोन्ही टोकांना धावले. मग कुणीतरी मला पोलिस चौकीत नेऊन बसवलं. जमादारानं विचारलं, "कपडे कैसे थे अम्मा?"

मला आठवेना. सकाळी मीच घातलेला फ्रॉक, पिवळा की गुलाबी?

"फोटो है क्या बच्ची का?"

होता ना! पर्समधल्या रोलमध्ये सगळी तीच होती. जवळच तासाभरात फोटो धुऊन देणारं नवं दुकान उघडलं होतं. एक शिपाई माझ्याबरोबर आला. दुकानदारानं हातातलं काम बाजूला ठेवून माझा रोल मशीनमध्ये घातला. शेजारच्या एसटीडी बूथवरून मी यांना ऑफिसात फोन केला. "मी निघालो," एवढंच ते बोलले.

मशीनमधून एकेक फोटो सरकत बाहेर येऊ लागला. लेक पाठमोरी. लेक हसताना डोळे मिटलेली. अर्धा चेहरा, ओले केस, हललेला हात. एकही फोटो सरळ नव्हता. मला ती कशातही ओळखू येत होती, पण परक्या माणसाला कशी येणार? आणि ती सापडलीच नाही तर आपल्याजवळ एवढेच उरतील, हे मनात आलं. त्यातल्या त्यात बरा एक फोटो शिपायानं उचलला आणि तो गेला. उरलेले मी उपडे ठेवले. बघवत नव्हतं.

हे दुकानात येऊन पोचले. हे तिला शोधायला गल्लीत शिरणार तोच शिपाई तिला कडेवर घेऊन आला. फ्रॉक हिरवा होता.

मागच्या गल्लीतल्या बांगड्यांच्या दुकानात ती बसलेली होती. दुकानदार बरोबर आला होता. तो अपराध्यासारखा म्हणाला, "बच्ची 'आई, आई' बोल रई थी. मैं समझा कोई आई बोल के खुश हो री. रस्ता देखते बैठा मैं."

तिची 'आई' त्याला हिंदीतली 'आली' वाटली होती. मी हसले आणि तिथंच रडायला लागले. लेकीनं माझ्या तोंडावरचा पदर ओढला. "आई, मला लाल बांगड्या पाहिजेत."

त्यानंतर तिला बाहेर न्यायचं असलं की मी आधी तिला दारात उभं करून तिचा फोटो काढायची. तोंड समोर, हात खाली, कपडे पूर्ण दिसतील असं. मगच दाराला कुलूप. हे चिडायचे, "अगं, बाजारात चाललीस की पोलिस ठाण्यात?" मी ऐकायची नाही. नवा रोल आणताना मला खर्च नाही, फक्त तो दिवस आठवायचा. नववीत गेल्यावर तिनंच ठणकावलं, "आई, बस हो गया." तेव्हा कुठं मी थांबले.

आता ती नोकरी करते. मराठी बोलते, वाचायला मात्र कंटाळते. मागच्या महिन्यात त्या दारातल्या फोटोंचा अल्बम चाळताना तिनं विचारलं, "यात मी कुठंच हसत का नाही गं?"

मी तिला कोठीची सगळी हकीकत सांगितली. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. बराच वेळ ती माझ्या खांद्याला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाली तेव्हा मी दारात आले. निळा कुर्ता, पांढरी ओढणी. मनात नोंदवून घेतलं आणि मग आत वळले.