लिटल टोकियोत आईबरोबर

लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोत, म्हणजे तिथल्या जपानी वस्तीत, मी पाहुण्यांना हट्टाने घेऊन जाते. ॲरिझोनातल्या आमच्या चँडलरहून सकाळी निघालं तर वाळवंट तुडवत दुपार होते. नवरा म्हणतो, लोक देवदर्शनाला जातात, ही नूडल्सला जाते. म्हणू दे. त्या चार गल्ल्यांत आहेत तशी नेटकी, देखणी दुकानं मला अख्ख्या ॲरिझोनात सापडलेली नाहीत.

या खेपेला बरोबर आई होती. बाबा गेल्यावर मी तिला साताऱ्याहून इकडे आणलं, तेव्हापासून तिचं एकच पालुपद: "मला कशाला?" नव्या चपला, मला कशाला. स्वेटर, मला कशाला. मला राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. बाबांबरोबर हिची इच्छाच संपली की काय? एखादी तरी गोष्ट तिने स्वतःसाठी मागावी, एवढ्यासाठी मी ही खेप काढली होती.

आधी नूडल्स. जपानी सुपात मासा न दिसताही असतो, शाकाहारी माणसाने विचारूनच बसावं. माझ्या ठरलेल्या जागी मशरूमचं सूप मिळतं, ते पोटात गेलं की माणूस भांडण विसरतो. आईने निम्मं खाल्लं आणि वाडगा माझ्याकडे सरकवला. "तू घे, तुला आवडतं."

मग मिठाईचं जुनं दुकान. तिथली मोची म्हणजे तांदळाच्या मऊ आवरणात लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण. आईने एक तुकडा तोडून आत डोकावून पाहिलं. "पुरणच आहे की. पारी तेवढी चिवट झालीये." एवढं बोलली म्हणून मला बरं वाटलं, पण दुसरी काही घेईना. पलीकडे हिरवा चहा इतका सुंदर घुसळून देतात की बघत राहावं. तोही तिने माझ्यातलाच घोटभर घेतला.

शेवटी भांड्यांचं दुकान. इथले कप हातात घेतले की खाली ठेवावेसे वाटत नाहीत, आणि दुकानाच्या बाई ते कापडात असे बांधून देतात की घरी गाठ सोडायचं जिवावर येतं. आई एका निळ्या जोडीपाशी थांबली. एक कप मोठा, एक लहान. बाईंनी सांगितलं ते मी मराठीत सांगितलं: ही नवरा-बायकोची जोडी, मोठा त्याचा, लहान तिचा. सांगून झाल्यावर जीभ चावली.

"म्हणजे यांच्यातही तेच," आई म्हणाली.

आमच्या घरी पहिला, दाट चहा बाबांच्या मोठ्या कपात जायचा. पातेल्यात उरेल तो आई ओट्यापाशी उभ्यानेच प्यायची. तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं, आणि बस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तिने मोठा कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. माझे डोळे भरून आले. "घेऊ या आई. बाबांची आठवण म्हणून राहील."

"आठवणीला कप कशाला लागतो?" ती म्हणाली. "हा मला हवाय. चहा प्यायला. तो लहान कप जावयाला दे."

मी भर दुकानात रडले. आई तिकडे बाईंना खुणेने सांगत होती, आधी मोठा बांधा.