अप्पांना जेवायला नेलं

“हळूच सांगतो हां,” असं म्हणून अप्पा तोंडाशी हात आडवा धरायचे आणि मग एवढ्या मोठ्यानं बोलायचे, की स्टँडवर उभ्या एसटीचा कंडक्टर वळून बघायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. पण अप्पांइतका नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

युसूफ वडगाव या गावाच्या रस्त्याला त्यांचं सिमेंटच्या पाईपचं यार्ड होतं. ओढ्यावरच्या मोरीत टाकतात ते, माणूस वाकून आत जाईल एवढे पाईप. मशीनच्या खडखडाटात कान गेले आणि आवाज वाढला. कपाळावर भस्म असायचं, भुवयांवर सिमेंट. एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं, ते कळायचं नाही.

माझं तालुक्याच्या गावी ऑनलाईन कामाचं दुकान आहे. पाटीवर ‘सर्व कामे बिनचूक’ असं लिहिलंय, ते पेंटरनं स्वतःच्या मनानं लिहिलं. अप्पांच्या पहिल्याच कामात मी नोंदणीच्या यादीतली चुकीची ओळ निवडली आणि त्यांचं यार्ड सरकारदरबारी ब्यूटी पार्लर झालं. अप्पा दुकानात आले. हात तोंडाशी. “हळूच सांगतो हां. मी लोकांला पावडर लावतो का बे?” रांगेतले सगळे हसले. अप्पाही हसले, आणि पुढचं काम घेऊन परत माझ्याकडेच आले. का, ते मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आपणहून येत असेल तर असले प्रश्न विचारू नयेत.

अप्पा साधुसंत नव्हते. मीटरसाठी त्यांनी पैसे दिले, प्रदूषणाच्या दाखल्यासाठी दिले, दाखला बघायला आलेल्यालाही दिले. देताना चिडायचे नाहीत. मी एकदा फार तावातावानं देश कसा बुडतोय ते सांगायला लागलो, तर म्हणाले, “खाऊ दे की. मी भाड्यासारखं धरतो. पन मला पाईप तर करू दे.”

ते करू देणंच पुढं बंद झालं. आमच्या भागातल्या एका भाऊंनी स्वतःचा पाईपचा कारखाना काढला. भाऊ म्हणजे ज्यांचं नाव घेताना लोक आधी मागं बघतात, ते. त्यानंतर तालुक्यातले ठेकेदार अप्पांचे पाईप घेईनात. भाऊंच्या पाईपमध्ये लोखंडी तारेचा पिंजरा असायचा म्हणे. बघितलेला कुणी मला भेटला नाही.

अप्पांकडे तो पिंजरा सुमनबाई बांधायच्या. दोघांचं दिवसभर भांडण. “सुमन, वेणी घालती का? आवळ की!” “अप्पा, तुमच्या तोंडाला घालते एक रिंग, मंग बघा आवळून!” सुमनबाई आणि तिथली सगळी माणसं आधी दर दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. यार्ड सुरू झालं आणि जाणं थांबलं. पोरं एकाच शाळेत वर्षभर बसायला लागली.

म्हणून अप्पांनी ठरवलं, ठेकेदार पाईप घेत नाहीत तर आपणच ठेका घ्यायचा. वडगावपलीकडच्या ओढ्यावर पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाईपच्या मोऱ्या व्हायच्या होत्या, त्याचं टेंडर निघालं. “ह्ये मिळालं तर यार्ड चालंल,” ते माझ्या कानात ओरडले. “न्हाई मिळालं तर दिवाळीला माझी मान्सं ऊसतोडीच्या ट्रॅक्टरात.”

आता आमच्याकडची रीत सांगतो. टेंडरच्या दिवशी आमच्याकडे कुणी कुणाला मारत नाही. जेवायला नेतात. कचेरीत टेंडर टाकायची लोखंडी पेटी होती त्या काळातली ही पद्धत. ज्यानं टेंडर टाकायचं नाही त्याला ढाब्यावर न्यायचं, आग्रह करकरून वाढायचं, आणि मुदत संपली की घरी सोडायचं. माणूस तृप्त, मुदत समाप्त. पेटी गेली, टेंडर कॉम्प्युटरवर आलं, पण जेवण काही बंद झालं नाही.

शेवटचा दिवस. तीनची मुदत. अप्पा सकाळपासून माझ्या शेजारी. सगळी कागदपत्रं चढवून झाली, त्यांच्या डिजिटल सहीचा डोंगल मशीनला लावलेला. आता ‘फ्रीज’ नावाचं एक बटन दाबायचं, डोंगलचा पिन टाकायचा, की टेंडर गेलं. अप्पांनी पिन सांगितला. हळूच. समोरच्या रसवंतीवाल्याला तो आजही पाठ असेल.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. दोघं उतरले. एक अनोळखी, अंगानं कपाटासारखा. दुसरा बाळ्या, माझ्याच वर्गातला, हल्ली भाऊंच्या गाडीवर असायचा.

“अप्पा, शरणार्थ,” कपाटानं नमस्कार घातला आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. हात तिथंच राहिला. “भाऊंनी जेवायला बोलावलंय.”

“उपास हाय माझा.”

“उपासाचं बी मिळतं तिथं.”

मी माऊसवरचा हात काढून घेतला. अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. उठले.

“चला. जाऊ दे उपास. भूक लागलीच हाय.” आणि दारातून वळून ओरडले, “ए, तवर माझं लाईटबिल भरून ठेव रे!”

गाडी गेली. बाळ्या गेला नाही. खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसला. “नेट चालू हाय का बे?”

“स्लो हाय,” मी म्हणालो.

“स्लोच राहू दे.”

आता माझी हुशारी बघा. मी खरंच अप्पांचं लाईटबिल उघडलं. बिल मागच्याच आठवड्यात भरलेलं, मीच भरलेलं. म्हातारा विसरला की काय, असं मनात म्हणेस्तोवर डोंगलचा लुकलुकणारा दिवा दिसला. त्यांनी अप्पांना नेलं होतं. टेंडर इथंच होतं.

पण बाळ्याही इथंच होता. घड्याळ तीनकडं सरकत होतं. बटन दाबलं तर बाळ्या बघणार. नाही दाबलं तर अप्पांना तोंड कसं दाखवायचं?

“मोबाईलवर माझ्या पोरीचा निकाल दिसंना,” बाळ्या अचानक म्हणाला. “बघ बरं. नेट स्लो असलं तरी चालंल.”

मी निकालाची साईट उघडली. नंबर विचारला. तो खिशात चिठ्ठी शोधायला लागला, तेवढ्यात मी स्क्रीनवर मागं असलेली टेंडरची खिडकी पुढं आणली, बटन दाबलं, पिन टाकला. पहिल्यांदा चुकला. ‘बिनचूक’ ना! दुसऱ्यांदा बसला. मी निकालाची साईट परत पुढं घेतली आणि निरागस चेहरा केला.

आणि प्रिंटर सुरू झाला.

टेंडर गेल्याची पोच आपोआप छापायची सोय मीच करून ठेवली होती, गिऱ्हाइकाला कौतुक वाटावं म्हणून. घुर्र करत कागद बाहेर आला. मी हात पुढं करेपर्यंत बाळ्यानं तो उचलला.

“निकाल?”

बाळ्या वाचत राहिला. शाळेतही तो सावकाश वाचायचा. अप्पांच्या फर्मचं नाव, पुलाचं नाव, वेळ. मग कागदाची घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली, आणि फोन लावला.

“हां भाऊ. इथं समदं शांत हाय. नेटच न्हाई.” फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोरगी पास हाय का ते बघ.”

पास होती. जाताना उंबऱ्यात थांबला. “सुमन माझी वहिनी हाय. म्हाईत हाय ना तुला?” मला माहीत नव्हतं.

अप्पा साडेतीनला परतले. “शेवभाजी झकास होती. त्यांला वाटलं, मी रुसंन. मी आनखी भाकरी मागितली.”

टेंडर उघडलं तेव्हा सगळ्यात कमी भाव अप्पांचाच होता. मी पेढे आणले. आठवडाभर आम्ही दोघं तालुक्यात छाती काढून फिरलो. मग वेबसाईटवर एक ओळ आली: अपरिहार्य कारणास्तव निविदा रद्द. पुन्हा निघाली ती नव्या अटीसह. ठेकेदाराचा स्वतःचा डांबर प्लांट हवा.

“पुलाला डांबर कावून?” अप्पांनी विचारलं. त्यांनी कचेरीतही विचारलं, तालुक्यात आणि जिल्ह्यातही. सगळीकडे खुर्ची दिली, पाणी दिलं. काम भाऊंच्या मेहुण्याला गेलं. ओढ्यात आजही दोन खांब उभे आहेत, वर काही नाही.

अप्पांनी पाईपचे साचे ट्रकवर चढवले आणि शेजारच्या राज्यात आपल्या मेहुण्याच्या गावी गेले. माणसं न्यायची ऐपत राहिली नव्हती. मी निरोप द्यायला गेलो, पण चुकीच्या दिवशी. यार्डात जमिनीवर पाईपांचे गोल ठसे तेवढे होते.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. मोबाईल कानापासून लांब धरूनच मी बोलत होतो.

“अरं, इथं लाईट मागितली तर मीटर आलं! कुनी काई मागितलंच न्हाई. दोन रात्री झोप न्हाई मला. काईतरी गडबड हाय बग.”

“गडबड नाही अप्पा. असंच असतं म्हणे.”

“असंच असतं?” तिकडच्या मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून त्यांनी विचारलं. “आन् आपल्या यार्डातली मान्सं?”

मी सकाळीच फाट्यावर पाहिलं होतं. ट्रॅक्टर भरत होता. भांडी, कोंबड्या, दप्तरं घेतलेली पोरं.

“ट्रॅक्टर आला होता, अप्पा.”

“सुमन न्हाई जायची. ती लई हट्टी हाय.”

“गाठोडं बाळ्यानंच वर दिलं,” मी म्हणालो. “तिचं.”